हलू नकोस

या दुकानात ती ठरवून आलीच नव्हती. गेली होती कोपऱ्यावरच्या मोठ्या, काचेच्या दुकानात. पण तिथल्या माणसाने लॅपटॉप उघडायच्या आधीच मान हलवली आणि "नवीन घ्या" म्हणाला. ती रडकुंडीला येऊन बाहेर पडली आणि समोर जो जिना दिसला तो चढली. वर एकच खोली. टेबलावर दिवा, दिव्याखाली भिंग, आणि भिंगामागे एक माणूस — एक डोळा नेहमीएवढा, दुसरा बशीएवढा.

"काय सांडलं?" त्याने भिंगाआडूनच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन्ही हातांवर आडवा धरलाय, तान्ह्या बाळासारखा. काय सांडलं?"

"पाणी," ती म्हणाली.

"साधं पाणी?"

"साधंच. प्यायचं."

घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि चोविसाव्या वर्षीही ते धाकटेपण तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. लॅपटॉप तिचा नव्हता, ताईचा होता. ताईने तीन वर्षं रानोमाळ हिंडून पक्ष्यांचे आवाज गोळा केले होते... पहाटेचे, भांडणाचे, पिल्लांना हाका मारतानाचे. ते सगळे याच्या पोटात, एवढं तिने त्याला सांगून टाकलं. सोमवारी तिचा प्रबंध द्यायचा होता, आणि शेवटच्या फेरीवरून ती शुक्रवारी परतणार होती. "माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही," असं जाताना दोनदा बजावून गेली होती. आज मंगळवार.

दुरुस्तीवाल्याने मागचे स्क्रू काढले आणि भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. "माहिती साठवणारी चिप इथे बोर्डावरच झाळून, सोल्डर करून बसवलेली असते. वेगळी काढून दुसरीकडे लावता येत नाही. बोर्ड जागा झाला तरच आतलं मिळेल. दुसरी प्रत आहे ना कुठे?"

"नाही."

होती, खरं तर. महिन्यापूर्वीपर्यंत होती. कपाटातल्या डिस्कवर जागा उरली नाही म्हणून हिने सगळे पक्षी पुसून दोन मालिका भरल्या होत्या. ताईकडे मूळ आहेच की, असं तेव्हा वाटलं होतं. हे काही अनोळखी माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. ओळखीच्याला तर नव्हतंच.

"उद्या फोन करा," तो म्हणाला.

बुधवारी तिने फोन केला नाही, स्वतःच गेली. तो बोर्डावर टाचणी टेकवून बसला होता.

"तुमचं पाणी फार गोड दिसतंय."

"म्हणजे?"

"दोनदा स्पिरिटने धुतलं. पाणी असतं तर एव्हाना उडून गेलं असतं. हे हलत नाही, वर टाचणीला चिकटतं." त्याने बोर्ड नाकाजवळ नेला. "तुमच्याकडे पाण्याला चेरीचा वास येतो?"

तिचे कान तापले. "...खोकल्याचं औषध."

"किती?"

"झाकण नीट लागलं नव्हतं. म्हणजे... बाटलीच."

"साखर स्पिरिटमध्ये विरघळत नाही हो. तिला पाणीच लागतं, कोमट. काल सांगितलं असतंत तर कालच धुतलं असतं. एक दिवस गेला."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता शुद्ध पाण्याचा डबा काढायला वळला आणि पाठमोराच म्हणाला, "चूक माझीही आहे. इथे येणाऱ्या सगळ्यांचं पाणीच सांडतं. आधी वास घ्यायला हवा होता... खोकला कसा आहे?"

"गेला."

"चला. औषध वाया गेलं नाही."

ती हसली, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. ताईचे पक्षी बुडालेत आणि ही हसतेय.

गुरुवारी ती दुपारीच हजर. बोर्ड स्वच्छ दिसत होता, पण वीज जोडली की कुठेतरी आतच गळून जायची. "बसा," तो म्हणाला. "मला दोन डोळे कमी पडतायत." त्याने अगदी बेताची वीज सोडली आणि ब्रशने बोर्डावर स्पिरिटचा पातळ थर दिला. "जिथे गळती, तिथे तापणार. जिथे तापणार, तिथलं आधी सुकणार. पापणी लववू नका."

दोघं वाकले. बोर्ड ओला, चकाकता. त्याच्या शर्टाला झाळकामाच्या धुराचा वास होता, राळेचा. तिचे केस पुढे आले, त्याने ते ब्रशच्या मागच्या टोकाने बाजूला केले — जणू तेही कामापैकीच.

"तिथे," ती कुजबुजली. खसखशीच्या दाण्याएवढ्या भागाभोवती कोरडा ठिपका उमटला होता.

"नजर चांगली आहे तुमची," तो म्हणाला. बोर्डाकडे बघत नव्हता.

तो दाणा काढला, नवा बसवला. तरी बोर्ड अर्धाच जागा झाला. साठवणीच्या चिपला वीज नेणारी एक रेघ औषधाने खाऊन टाकली होती.

शुक्रवारी सकाळी तिने जिना चढायच्या आधी दोनदा श्वास घेतला. संध्याकाळी ताई येणार होती.

"ती रेघ झाळून जोडता येईल," तो म्हणाला. "पण अगदी शेजारी तुमचे पक्षी आहेत, आणि इतकी उष्णता त्यांना सोसेल याची खात्री नाही. आधी त्यांना बाहेर काढू. मी सुई टेकवून बाहेरून वीज देतो, तुम्ही या नव्या डिस्कवर उतरवून घ्या. पन्नास मिनिटं. हात हलला की संपलं, आणि परत उठेल की नाही, सांगता येत नाही."

त्याने कोपरं टेबलावर रोवली आणि सुई टेकवली. पडदा उजळला. तिने डिस्क जोडली. एक टक्का... दोन टक्के.

आकडा वीसवर गेला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "नाक खाजतंय."

"मग?"

"मग काय. माझे दोन्ही हात तुमच्या ताईकडे आहेत."

तिने बोट पुढे केलं, थांबली. "कुठे?"

"डावीकडे. अजून जरा वर... हां. देव तुमचं भलं करो."

"हसू नका हो, हात हलेल."

"तुम्ही हसवू नका."

चव्वेचाळीसवर तिचा फोन वाजला. टेबलावरच ठेवला होता. थरथरत सरकायला लागला, टेबल थरथरलं, पडदा एकदा मिणमिणला.

"हलू नकोस," ती म्हणाली आणि झडप घालून फोन उचलला. ताई होती.

"गाडीत बसले. सातपर्यंत पोचते. काय गं, आवाज असा का?"

"ताई, तुझा लॅपटॉप... औषध सांडलं. दुरुस्तीला आहे, आवाज निघतायत, पण अजून सगळे नाहीत."

"अगं मूर्ख, मग रडतेस काय? कपाटात दुसरी डिस्क आहे ना."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. अर्ध्या तासात सगळं उतरलं असतं, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण नाही उतरलं तर? ताईच्या मार्गदर्शक सरांकडे गेल्या वर्षीपर्यंतचे आवाज होते. आज विचारलं तर मिळाले असते. उद्यापासून त्यांचं ऑफिस बंद. एक दिवस कसा जातो, हे तिने याच आठवड्यात पाहिलं होतं.

"ती डिस्क मी पुसली," ती म्हणाली. त्याच्यासमोर, त्याच्याकडे न बघता.

"...कशासाठी?"

"मालिका भरल्या."

मग ताई म्हणाली, "चांगल्या तरी होत्या का?"

"एकीचा शेवट फसला."

"सरांना फोन करते. तुला घरी आल्यावर बघते." फोन बंद झाला.

तिने डोळे पुसले. त्याच्या कपाळावर घाम साचला होता. तिने ओढणीच्या टोकाने तोही पुसला. आता नाहीतरी लपवण्यासारखं काय उरलं होतं?

"अठ्ठावन्न," तो हळूच म्हणाला. "मघाशी मला काय म्हणालात?"

"कधी?"

"फोन वाजला तेव्हा."

"हलू नका म्हणाले."

"'नका' नव्हतं."

"...घाईत निघालं तोंडातून."

"मागे घेणार?"

ती उत्तर देणार, तोच आकडा एक्क्याऐंशीवर थांबला. हलेना. तिने खुर्चीची कड घट्ट धरली. त्याच्या मानेची शीर ताठ झालेली तिला दिसत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तीसुद्धा फार मोठी वाटली. मग... ब्याऐंशी.

"नाही घेणार," ती म्हणाली.

शंभर झाल्यावर तिने मधलीच एक फाइल उघडली. कुठल्याशा पहाटेचा एक पक्षी त्या खोलीत ओरडला, थांबला, पुन्हा ओरडला. धाकटी खाली मान घालून ऐकत राहिली.

"झालं. सोड आता सुई."

"सुटत नाहीये," तो ओशाळून म्हणाला. बोटं आखडली होती. तिने त्याचा हात जवळ घेतला आणि एकेक बोट उलगडायला लागली, सावकाश, करंगळीपासून.

"तुला रोज यायची गरज नव्हती," तो म्हणाला. "फोनवर सांगितलं असतं मी."

"मग पहिल्याच दिवशी तसं ठणकावून का नाही सांगितलंस?"

"तू आली नसतीस."

फोन पुन्हा थरथरला. ताईचा निरोप: मिळाले का?

"मिळाले," तिने डाव्या हाताने लिहिलं. एकेक अक्षर शोधत, दोनदा चुकून.

लगेच उत्तर आलं: तीन अक्षरांना एवढा वेळ?

त्यावर तिने काही लिहिलं नाही. आता डावा हातही मोकळा नव्हता.