चौघींची एकच नाडी

सकाळी साडेनऊला औषधांची ट्रॉली पुन्हा अडून बसली. सिस्टर प्रणिताची नाडी एकशे अठरावर गेली होती, आणि तिला तसं जायला कारणही होतं: सात नंबरच्या खाटेवरच्या माणसाला आकडीचा झटका आला होता. झटका थांबवणारं इंजेक्शन ट्रॉलीत होतं. ट्रॉलीचं कुलूप प्रणिताच्या मनगटावरच्या पट्ट्याला विचारून उघडत असे, आणि पट्ट्याचं म्हणणं होतं की सिस्टरनं आधी तीन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावं.

"मॅडम, तुमच्या पट्ट्यानं उघडा," प्रणिता म्हणाली.

इन्चार्ज सिस्टर रंजना खोब्रागडे वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आल्या. धावल्यामुळे त्यांचाही पट्टा लाल झाला.

मग दोघी रुग्णाला कुशीवर धरून, डोळे मिटून बसल्या. तेवढ्यात त्यानं जीभ चावून घेतली. तीन मिनिटांनी ट्रॉली उघडली, इंजेक्शन गेलं, माणूस वाचला, आणि ताणाच्या प्रसंगी कर्मचाऱ्यांनी संयम राखल्याची नोंद आपोआप झाली.

या पट्ट्याचं सरकारी नाव 'स्थिरबंध'. नाडी, श्वास आणि हाताची थरथर मोजून तो एक आकडा काढी, त्याला 'शमांक' म्हणत. मूळ कल्पना वाईट नव्हती. थकलेल्या, घाबरलेल्या हाताला सुई जास्त टोचते, रुग्ण उचलताना पाठ जास्त लचकते, आणि अधूनमधून दोन मिनिटं श्वासाकडे पाहिलं की हे सगळं कमी होतं, असं पहिल्या वर्षी खरंच दिसलं. रंजनाताईंना त्यात नवल वाटलं नाही. त्या लहानपणापासून वस्तीतल्या विहारात आनापान, म्हणजे हेच श्वासाचं ध्यान, करत आल्या होत्या. फक्त तिथे कुणाचं मन भरकटलं म्हणून औषधाच्या कपाटाला कुलूप पडत नसे.

पण आकडे इतके चांगले आले की वरच्या मंडळींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. शांत माणसाला मदत कशाला लागते? बेचाळीस खाटांच्या पुरुष वॉर्डात सकाळी सात सिस्टर असत, त्या चार झाल्या. पट्टे मात्र चौघींना नवे कोरे मिळाले. कंत्राटी सिस्टरचा शमांक घसरला तर तिचं कंत्राट वाढणार नाही, असंही ठरलं. प्रणिताच्या कंत्राटाच्या अकरा महिन्यांपैकी दहावा चालू होता.

त्या दुपारी ती तेवीस नंबरच्या खाटेजवळ स्टुलावर बसून रडत होती.

"काय झालं बाई?" खाटेवरून महादेव आत्रामांनी विचारलं.

"रडायचं नाही म्हणतो हा, काका. रडलं की अजून लाल होतो."

"आण इकडे त्याला."

आत्राम काका निवृत्त वनरक्षक. पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून जनावरं मोजण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता हृदय थकलं होतं आणि औषधांनी नाडी मंद ठेवली होती. पट्टा त्यांच्या मनगटावर चढला आणि मिनिटभरात हिरवा झाला. तो नाडी ओळखायचा, माणूस नाही.

"वाघ खालून गेला तरी माझी नाडी हलत नव्हती," काका म्हणाले. "आता तर तिच्यात हलायची ताकदच नाही."

रंजनाताईंनी दोन दिवस रागावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ट्रॉली तीनदा अडली, तेव्हा त्यांनी आपला पट्टा काढून मुकाट्यानं काकांपुढे धरला. आठवडा संपेतो काकांच्या डाव्या हातावर चार पट्टे झाले होते.

"आमचं चौघींचं टेन्शन तुमच्यावर आलं हो काका," रंजनाताई म्हणाल्या.

"बायकोचं चाळीस वर्षं सांभाळलं. तुमचं काय जड आहे?"

ट्रॉली दिवसभर उघडी राहू लागली. औषधं वेळेवर जाऊ लागली, कुणाच्या बोटाला सुई लागली नाही, आणि चौघी खरोखरच शांत झाल्या. सरकारचं 'स्थिरबंध' अभियान यशस्वी झालं होतं, असंच म्हणायला हवं.

पुढच्या मंगळवारी अकराच्या सुमाराला चौघींचे मोबाइल एकदमच वाजले. 'तुमची शांतता खोल होत आहे. अशाच राहा.' पाच मिनिटांनी पुन्हा: 'आपण दुर्मीळ स्थितीत पोचत आहात.'

"मॅडम, आज आपण ऋषी झालो," सलाइन लावता लावता प्रणिता म्हणाली.

रंजनाताई हसल्या. नंतर पुष्कळ दिवस त्यांना ते हसू आठवत राहिलं. वॉर्डात मॉनिटर नव्हता. चार मोबाइल वीस मिनिटं घसा फोडून सांगत होते, पण कौतुकाच्या भाषेत. वॉर्डबॉय मामा जेवणाचं ताट ठेवायला गेले, तेव्हा काका थंड पडू लागले होते.

काकांची मुलगी यायच्या आत रंजनाताईंनी पट्टे काढले. हातावर चार वळ उरले.

"हे कशाचे?" मुलीनं विचारलं.

"बीपीचे," रंजनाताई म्हणाल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत नातेवाइकांशी त्या इतकं सहज खोटं कधी बोलल्या नव्हत्या.

चौकशी होईल म्हणून त्या पंधरा दिवस वाट पाहत राहिल्या. आलं ते प्रशिक्षणाचं निमंत्रण. चार सिस्टरांची नाडी आणि श्वास एकाच वेळी, एकाच चालीनं मंद होत गेल्याचं संगणकाला आढळलं होतं. त्यानं त्याला 'सहलय' असं नाव दिलं होतं आणि ती चाल आता सगळ्या रुग्णालयांसाठी आदर्श ठरली होती.

नियोजन भवनाच्या हॉलमध्ये दोनशे सिस्टर डोळे मिटून बसल्या. मंचावरून अभियानाचे समन्वयक देवस्थळे म्हणाले, "काही करायचं नाही. पट्टा मनगटावर टिचकी मारेल. एक टिचकी आली की श्वास आत, दुसरी आली की बाहेर. तुमच्याच सहकाऱ्यांची लय आहे ही."

लहान श्वास. मोठा. त्याहून मोठा. मग लहान, आणखी लहान. मग काहीच नाही.

रंजनाताईंनी डोळे उघडले. असा श्वास त्यांनी शेकडो खाटांजवळ उभं राहून मोजला होता. या हॉलमधल्या प्रत्येकीनं मोजला होता. नातेवाइकांना आत बोलवा, असं सांगायची वेळ त्यावरून कळते. पण खुर्चीवर बसून, स्वतःच्या छातीत, तो कुणालाच ओळखू येत नव्हता.

टिचकी पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. या वेळी जास्त वेळ. मध्येच चोरून श्वास घेणाऱ्यांचे पट्टे लाल होऊन थरथरत होते, आणि त्या बायका ओशाळून तोंड मिटत होत्या.

उठून सांगायचं तर एक वाक्य पुरेसं होतं. त्या वाक्यात चौघींची नोकरी जाणार होती, काकांच्या मुलीला ते वळ कशाचे होते हे कळणार होतं, आणि ट्रॉलीला पुन्हा कुलूप लागणार होतं. न सांगितलं, तर राज्यभरच्या सिस्टर उद्यापासून रोज सकाळी ड्युटीआधी वीस मिनिटं महादेव आत्रामांसारखं मरायला शिकणार होत्या.

शेजारी प्रणिता बसली होती. तिचं कंत्राट शुक्रवारी संपत होतं. पट्टा हिरवा होता, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम.

टिचकी तिसऱ्यांदा थांबली. रंजनाताईंनी सवयीनं मोजायला सुरुवात केली. वीस झाले, तीस झाले. यापैकी कोणता तरी विराम शेवटचा असणार होता, आणि त्याच्यापुढे यंत्राकडे टिचकीच नव्हती.

तोवर त्या उठतील का? आणि उठल्या, तर इतक्या शांत झालेल्या बायकांतली एक तरी ऐकेल का?