ज्योत्सनाच्या ओळी

देवानंदची बहीण तृप्ती दोन हजार पंचवीसच्या वैशाखात सासरी गेली, त्याच आठवड्यात हे सुरू झालं. गाव लाखनीजवळचं. हसणारा हसो, पण यात पदरचं काही नाही.

देवानंद घरूनच कॉम्प्युटरचं काम करतो. तुमसरच्या एका राईस मिलसाठी तो तांदूळ निवडणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम लिहीत होता. दाणे धारेनं पडतात, कॅमेरा एकेक दाणा पाहतो, काळा दिसला की यंत्र हवेच्या फुंकरीनं उडवतं. पापणी लवायच्या आत.

म्हणून लागेल तेवढी मेमरी आधीच घेऊन ठेवायची. दाणे पडताना प्रोग्रामनं मध्येच नवी जागा मागितली, तर तो क्षणभर अडतो अन् काळा दाणा निसटतो. अशी जागा किती वेळा मागितली जाते, हे मोजायला देवानंदनं एक पहारेकरी प्रोग्राम बसवला होता.

आकडा शून्यच यायला हवा होता. सोमवारी मिलमध्ये चाचणी होती. शून्य नाही, तर यंत्र परत.

हे काम त्यानं आणि त्याच्या बायकोनं, ज्योत्सनानं, एकाच बाकावर बसून सुरू केलं होतं. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती चहा घेऊन यायची.

"सरका ना जी थोडंसं. बाक काय तुमच्या एकट्याचा आहे?"

ती गेली. पुढचं काम त्यानं एकट्यानं केलं.

मंगळवारी दुपारी आकडा आला...

एक.

वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

जागा कोणत्या ओळीनं मागितली, तेही पहारेकरी सांगतो. त्यानं दाखवली दोनशे चाळिसावी ओळ. देवानंदनं फाइल उघडली.

फाइल दोनशे बाराव्या ओळीलाच संपत होती.

पुढच्या ओळी ज्योत्सनानं लिहिलेल्या. त्यानंच महिन्यापूर्वी पुसल्या होत्या.

त्यानं सगळा प्रोग्राम नव्यानं बांधला. कॉम्प्युटर बदलला. बुधवारी दिवसभर शून्य. चार दहाला... एक. गुरुवारी तेच. घेतलेल्या त्या जागेत काय आहे, ते त्यानं उघडून पाहिलं.

काहीच नव्हतं.

शुक्रवारी चार दहाला बाकाचं दुसरं टोक करकरलं... बसायच्या आधी कोणी हात टेकवावा, तसं.

मग थांबलं.

तो उठून मायजवळ गेला. मंदाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं.

"देवा, तृप्तीच्या लग्नात ज्योत्सनाचं पान काढलं होतं का?"

त्यांच्या घरची रीत आहे. पहिली पंगत बसायच्या आधी, घरातून गेलेल्यांची पत्रावळ मांडायची. पंगतीचं काम देवानंदकडे होतं. वरात दारात आली, धांदल उडाली. कोणीतरी पत्रावळ आणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आता जागा नाही. मागून पाहू."

मागून कोणीच पाहिलं नाही.

"माय, कॉम्प्युटरात कुठली आली पंगत?"

"मले तुझं कॉम्प्युटर समजत नाही बाप्पा. पण जागा पहिलेच ठेवली, तर माणूस मांगत नाही. तू तिले काहून मांगाले लावून राहिला?"

रविवारी त्यानं तसंच केलं. प्रोग्राम सुरू होण्याआधीच एक रिकामी जागा राखली. तिथं कोणी काही लिहायचं नाही.

चार दहा.

शून्य.

बाक गप्प होता.

सोमवारी चाचणी झाली. एकही काळा दाणा निसटला नाही. मालकानं पेढे वाटले. देवानंदनं आपला पेढा कागदात गुंडाळून घरी आणला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला.

"बसली ती आता," मंदाबाई म्हणाली.

"बसली माय, का उठून गेली?"

मायनं पेढ्यावरची माशी पदरानं हाकलली.

त्या रिकाम्या जागेची ओळ त्यानं मंगळवारी काढून टाकली. प्रोग्राम चालू केला आणि घड्याळाकडे पाहत राहिला. चार नऊ. चार दहा...

शून्य.

बुधवारीही शून्य. यंत्र केव्हाच मिलमध्ये लागलं, तरी तो रोज दुपारी ती चाचणी चालवतो. बसतो बाकाच्या एका टोकाला, सरकून. अजून एकदाही एक आला नाही.

ज्योत्सना नऊ ऑगस्ट दोन हजार चोवीसला, शुक्रवारी, तापानं वारली. बत्तीस वर्षांची होती.