जुन्या गावाची तहान

हसायचं तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, मध्ये नको. ही गोष्ट माझ्या मेव्हण्याची, कुपाकची. तो थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मारायला आमच्या घरात मी आहे.

डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. दुपारचे चार, म्हणजे आपल्या बेटावर काळोख पडून तास झालेला. कुपाकची मुलगी मायना बाळंतपणाला विमानाने शहरात गेली होती. तिची आधीची दोन मुलं जगली नव्हती. या बाळाला कुपाक आपल्या मेलेल्या आईचं नाव देणार होता, उविलुक. नाव दिलं की आई घरात परत आली. कातडी सोलायची आईची सुरी किनाऱ्यावरच्या खोपीत राहिली होती. नातीला द्यायला तेवढी आणावी म्हणून तो बर्फगाडी घेऊन निघाला.

वाट जुन्या गावावरून जाते. आपल्याआधी या बेटावर जे लोक होते, त्यांचं गाव. जहाजातून रोग आला आणि एका हिवाळ्यात सगळे संपले. मेलेल्यांची नावं पोरांना द्यायला कोणी उरलंच नाही. व्हेलच्या हाडांची घरं तेवढी उरली.

तिथंच गाडी बंद पडली. कुपाकने थर्मासमधलं पाणी कपात ओतलं.

"दादा, घोटभर पाणी देतोस?"

हाडांच्या आडोशाला एक बाई. आवाज इतका कोरडा, की त्याला गलबलून आलं. तहानलेल्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. त्याने कप पुढे केला.

मग त्याला आठवलं. मेलेलं माणूस पाणी कशाला मागतं, हे काय तुम्हाला सांगायचं? त्याला तुमच्या घरी जन्माला यायचं असतं. पाणी दिलं, की होकार दिला.

"नको गं बाई... ती जागा माझ्या आईची आहे."

ती प्यायली. कप तिने मागे दिला. तिच्या पाठीमागे एक हात होता. त्याच्या मागे आणखी एक... म्हातारे हात. चिमुकले हात. थर्मास रिकामा होईना.

"अरे, एकच बाळ आहे..." कुपाक म्हणाला. "एकच."

कप पुढच्या हातात गेला. पीत राहिले...

गाडी सुरू झाली तेव्हा तिथं कोणी नव्हतं. कप तेवढा बर्फात पडलेला. तो उचलून, सुरी न आणताच कुपाक परतला.

रात्री आठला फोन आला. मुलगी झाली. उविलुक म्हटलं की तोंड फिरवायची. दूध कितीही पाजा, ओठ सुकलेलेच. डॉक्टरांना काही कळलं नाही. सहाव्या दिवशी गेली.

"एवढ्याशा जिवात गावभर माणसं कशी मावणार रे?" कुपाक मला म्हणाला. रडला असता तर बरं झालं असतं.

कप त्याने माझ्याकडे दिला. तो बघा, शेगडीवरच्या फळीवर. हात लावू नका. कपाच्या कडेला गोठलेल्या बर्फावर ओठांचे ठसे आहेत, लहान-मोठे, एकाला एक लागून. तीन महिने झाले, शेगडी रोज पेटते...

बर्फ अजून वितळलेला नाही.