कोंडवाड्यातली म्हैस

“अरे, आज कुलूप नाही! चला जल्दी!” इनायतने हाक दिली आणि तीन पोरं, तीन कुत्री धूम ठोकून कोंडवाड्यात शिरली.

मंठ्याजवळच्या त्या गावात चुकार गुरं कोंडायची ही जागा कधीची रिकामीच होती. रस्त्यावर ट्रकांची वर्दळ, म्हणून सुट्टी लागली की बेबीनंदा, तिचा भाऊ देवानंद आणि इनायत आपली कुत्री इथेच मोकळी सोडत. उंच भिंत, पत्र्याचं फाटक. पळून जाणार कुठे? पण गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाने, पुंजारामने, फाटकाला कुलूप ठोकलं. रिकाम्या कोंडवाड्याला कुलूप? बेबीनंदाला काही केल्या चैन पडत नव्हतं.

तिचा म्हातारा हिऱ्या कोपऱ्यातल्या कडब्याच्या ढिगापाशी हुंगत राहिला. तिघांनी ढिगामागे जाऊन पेंढ्या ओढल्या. खाली नवे कोरे लोखंडी पाइप!

“हे तर हापशाचे!” देवानंद म्हणाला. “पाइप आले न्हाईत म्हणूनच टँकरचं पाणी पिऊन राह्यलो ना आपण?”

खाड्! फाटक बंद झालं. लावायचं राहून गेलेलं कुलूप लागलं आणि पाठोपाठ पुंजारामची ओळखीची फटफटी सुरू झाली.

“पुंजारामकाका! आम्ही आत आहोत!” पण त्याला फटफटीच्या आवाजात काय ऐकू जाणार!

डोक्यावर मे महिन्याचं ऊन. भिंतीवर काचा लावलेल्या. पाइप टेकवून चढावं, तर ते जागचे हलेनात. हिऱ्याची जीभ लोंबू लागली, मग त्याने मातीतच अंग टाकलं. बेबीनंदाचा जीव कासावीस झाला.

“हा मरंल रे!”

तेवढ्यात बाहेर बांगड्या वाजल्या. चांगुणामावशी पाणी घेऊन चालली होती.

“मावशी, आम्हाला कोंडलंय! सोडवा!”

“मागंबी असंच बोंबलत होता चोर-पोलीस खेळताना! खेळा गुमान!”

पावलं पुढे निघाली. आता काय? गाव कशाने धावतं? बेबीनंदाने घसा फोडून हाळी दिली, “मावशी, सरपंचाची म्हैस कोंडवाड्यात घातली हो!”

पावलं थबकली. “काकासाहेबाची म्हैस? अगं बया!” आणि मावशी पळत सुटली.

बघता बघता अर्धं गाव जमलं. सरपंच काकासाहेबांनी पुंजारामला धरून आणून कुलूप उघडायला लावलं.

“कुठाय माझी म्हैस?”

“म्हैस न्हाई, काका. माझा कुत्रा मरायला लागलाय. पाणी द्या!”

मावशीने घागर पुढे केली. हिऱ्या लपालपा पाणी पिऊ लागला, तेव्हा कुठे बेबीनंदाचा जीव भांड्यात पडला. एव्हाना काकासाहेबांची नजर पाइपांवर गेली होती.

“पुंजाराम! हे कधी आले?”

“झाला की आठवडा. चोरी होऊ नये म्हणून दडवले. सांगायचं ऱ्हाऊन गेलं, साहेब.”

“शाबास! गाव तहानेनं मरंना का, पाइप सलामत!” लोक खो खो हसले.

“पण सरपंचाला फसवती म्हंजे काय, पोरी?” गर्दीतून कुणीतरी दटावलं.

“गप बसा!” काकासाहेब कडाडले. “लेकरं वरडली, कुणी आलं न्हाई. म्हैस म्हणल्याबराबर सारे पळत आलो. मीबी!”

मग ते हिऱ्याशेजारी उकिडवे बसले आणि बेबीनंदाच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “लई हुशार हायेस. आन पुढच्या टायमाला नुसती ‘काका’ म्हणून हाक मार. म्हैस नसली तरी येईन.”