हात न लावलेली लेक

"आजपासून डिंपल मंगलीजवळ झोपंल," गोकुळा म्हणाली, आणि जेवायला बसलेल्या सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

नागपूरच्या दवाखान्यातून ती त्याच दुपारी परतली होती. दारात पाऊल पडताच तिची सात वर्षांची लेक डिंपल धावत आली, तेव्हा गोकुळानं हातातली पिशवी मध्ये धरली. आणि आता पोर सरकत सरकत मांडीशी आली तशी ती उठून थेट भिंतीला जाऊन टेकली. सासूनं, रंभाबाईनं, कारण विचारलं. धाकट्या जावेनं, मंगलीनं विचारलं. नवरा केवळराम तर हात धुऊन येऊन पुन्हा पुन्हा विचारत राहिला... पण गोकुळानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. डिंपलनं मात्र काहीच विचारलं नाही. आपली गोधडी काखेत घेऊन ती गुमान काकीच्या खोलीकडे निघाली, आणि उंबऱ्यावर थांबून तिनं एकदा मागं पाहिलं. ते पाहणं गोकुळाच्या काळजात रुतलं ते कायमचं.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. गोंडपिपरीच्या पलीकडे एका मोठ्या तलावाच्या काठी ढिवरांची वीस-पंचवीस घरं होती, त्यांतलं हे एक. तलावातली मासेमारी आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी, एवढ्यावर घर चाले. गोकुळाच्या हातचं जाळं तर आजूबाजूच्या गावांत नावाजलेलं. अशा त्या सुखी संसारात आदल्या वर्षी तिच्या गळ्यात सुपारीएवढी गाठ आली, आणि नागपूरला कळलं की थायरॉईडचा कर्करोग आहे.

ऑपरेशन झालं. मग उरलंसुरलं जाळून टाकायला म्हणून तिला किरणोत्सारी आयोडीन पाजलं, आणि जाड भिंतींच्या एका खोलीत चार दिवस एकटीला ठेवलं. जेवण आणणारा माणूस ताट दाराशी ठेवून मागं सरे. रोज एकजण लांबूनच तिच्यावर यंत्र रोखी, आणि ते यंत्र कडकड वाजे... आपल्याच अंगातून ते वाजतं आहे, हे कळल्यावर तिला स्वतःच्या देहाचीच धास्ती वाटू लागली होती. घरी सोडताना सांगितलं होतं की महिनाभर पोरीला जवळ घ्यायचं नाही आणि वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तो महिना तिनं डोळ्यांत तेल घालून पाळला, आणि एकतिसाव्या दिवशी डिंपलला छातीशी धरलं ते सकाळपासून दुपारपर्यंत सोडलंच नाही.

मग वर्षाच्या तपासणीचा तो दिवस आला. केवळराम औषधांच्या रांगेत उभा होता. हे औषध घेतलेल्या रोग्यांच्या रक्तात काय फरक पडतो, याचा तिथं एक तरुण डॉक्टर अभ्यास करत असे. गोकुळाचं रक्त त्यानं औषधाआधीही नेलं होतं आणि नंतरही. त्यानं मोठ्या उत्साहानं तिला एक फोटो दाखवला. पेशीच्या आत असे धागे असतात, आईबापांकडून आलेलं सगळं या धाग्यांत असतं, आणि तुमचे काही धागे त्या औषधानं तुटलेत... हा बघा इथं, आणि हा तुटून दुसऱ्यालाच चिकटलाय.

"हे लेकराले लागते का?" गोकुळानं विचारलं.

"ते अजून सांगता येत नाही. म्हणूनच तर तपासतोय. मूल मात्र इतक्यात नको," तो म्हणाला, आणि बाहेरून कोणी हाक मारली म्हणून उठून गेला.

एवढंच. पुढं ना कोणी तिला काही विचारलं, ना समजावलं. पण जाळं विणणाऱ्या बाईला तुटक्या धाग्याचा अर्थ दुसऱ्यानं सांगावा लागत नाही. जाळ्याचं एक घर तुटलं आणि वेळेवर सांधलं नाही, की शेजारचं उसवतं, मग त्याच्या शेजारचं. परतीच्या यष्टीत केवळराम खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेत होता आणि गोकुळाच्या मनात एकच विचार थैमान घालत होता... औषधाची आग अजून अंगात आहे, म्हणूनच धागे तुटत आहेत. मग रोज जिला कुशीत घेऊन निजते, त्या कोवळ्या जिवाचं काय होत असेल? केवळरामला सांगावं, तर तो माया करणारा माणूस, ऐकायचा नाही. आणि गावात फुटलं, तर अशा आईच्या पोरीला उद्या कोण करून घेणार? चंद्रपूर यायच्या आत तिचा निश्चय झाला होता.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाचं शिबिर लागलं. गोकुळा कोणालाही न सांगता एकटी गेली आणि ऑपरेशन करून आली. आपल्या पोटी तुटक्या धाग्यांचं लेकरू यायला नको, एवढंच तिला ठाऊक होतं. नातवाची आस लावून बसलेल्या रंभाबाईनं ते कळल्यावर अंगणात बसून आकांत केला, माह्या पोराचा वंश बुडवला इनं, म्हणाली.  केवळरामनं नुसतं तिच्याकडे पाहिलं... परक्या बाईकडे पाहावं तसं. आणि आठवड्यानं तो गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत कामाला निघून गेला.

गोकुळा तलावाच्या पाळीवरच्या, बांधावरच्या, झोपडीत राहायला गेली. तिची थाळी वेगळी, मडकं वेगळं. ती कोणासाठी रांधत नसे, कोणाच्या ताटाला हात लावत नसे. नागपूरला पुन्हा जायचं तर केवळराम सोबत येणार आणि डॉक्टर त्याच्यासमोर सारं बोलणार, या भीतीनं ती कधी गेलीच नाही. गळ्याच्या ऑपरेशनपासून तिला रोज लागणाऱ्या गोळ्या मात्र केवळराम जुनी चिठ्ठी दाखवून चंद्रपूरहून आणी, पोळ्याला आणि दिवाळीला आला की झोपडीच्या दाराशी ठेवी, आणि न बोलता परत फिरे. त्या गोळ्यांच्या पुड्या छातीशी धरून ती किती रडली, ते फक्त त्या तलावालाच माहीत.

डिंपल मंगलीला माय म्हणू लागली. मंगलीनं तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पण जन्मदात्रीला हाक मारायला पोरीजवळ शब्दच उरला नाही. शाळेची वाट पाळीवरूनच जात होती. झोपडीजवळ आली की पोर मान खाली घालून भरभर चाले. बारा वर्षांची असताना मात्र एकदा ती थांबली, दप्तराचा पट्टा घट्ट धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"मी का केली होती?"

काय अपराध केला होता मी, असं विचारत होती ती. सात वर्षांची होती तेव्हापासून हाच प्रश्न उराशी घेऊन ती मोठी होत होती... गोकुळाचे हात सुतात अडकले. धावत जाऊन तिला मिठीत घ्यावं, पोरी, तुझा काहीच अपराध नाही म्हणावं, असा उमाळा दाटून आला. पण मान वर न करता ती म्हणाली, "जा, शाळेले उशीर होईल." त्या दिवशी विणलेलं जाळं पुढं कोणाच्याच कामाला आलं नाही. सगळी घरं लहानमोठी झाली होती.

दोन हजार आठच्या वैशाखात डिंपलचं लग्न झालं. नवरीला हळद मंगलीनं लावली. गोकुळा बायांच्या घोळक्यामागं उभी होती, आणि कोणीतरी वाटी पुढं केली तशी ती दोन पावलं मागं सरली. रंभाबाई सर्वांदेखत म्हणाली, दगडाले का पाझर फुटते. केवळराम मांडवात होता. त्यानं ते ऐकलं आणि तो दुसरीकडे पाहू लागला.

दिवाळीला डिंपल माहेरी आली ती पाच महिन्यांची गरवार. मंगली दुसऱ्याच दिवशी पाळीवर आली आणि दम खात सांगू लागली, की पोरीचा गळा सुजला आहे, पाणी गिळतानाही तो वरखाली होताना दिसतो.

गोकुळाच्या हातातून सुताची गुंडी निसटली आणि उतारावरून घरंगळत पाण्यात गेली. एवढं करून... एवढं दूर राहून... तरी लागलंच का पोरीला? लग्नाचा दिवस सोडला तर अकरा वर्षांत प्रथमच ती घराच्या अंगणात आली. दिवाळीला आलेला केवळराम ओसरीवर होता, रंभाबाई दाराशी, डिंपल खाटेवर. गोकुळा तुळशीपाशी लांबच उभी राहिली आणि तिनं सारं सांगून टाकलं... तो फोटो, ते धागे, ती आग, ते आपरेशन. "तिले नागपूरले न्या," ती म्हणाली. "मीबी येतो. डॉक्टरले सांगा लागते की माह्याकूनच हे झालं."  रंभाबाई दार धरून हळूच खाली बसली.

नागपूरला वयानं मोठ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी डिंपलचा गळा चाचपला, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही. गरवारपणात थायरॉईड कमी पडतं, कित्येकींना होतं, गोळी घेतली की झालं. मग त्यांनी कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या गोकुळाला खुर्चीवर बसवलं आणि तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, डिंपल तर तुमच्या औषधाआधी जन्मली," त्या म्हणाल्या. "तिला यातलं काही लागणारच कसं? आणि ते औषध अंगातून काही आठवड्यांतच निघून जातं. महिना पाळायला सांगितला होता ना? तेवढा पुरे होता."

"अन् ते धागे?"

"ते रक्तातल्या पेशींचे. औषधानं तुटतात हे खरं, काही खुणा वर्षानुवर्षं राहतातही. पण त्या स्पर्शानं दुसऱ्याला जात नाहीत. आणि मुलाचं म्हणाल, तर वर्षभर थांबून कितीतरी बायांना पुढं चांगली मुलं झाली. कोणीतरी तुम्हाला बसवून हे सांगायला हवं होतं. आमचंच चुकलं."

गोकुळा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. एक महिना... आणि तिनं अकरा वर्षं दिली होती. पोरीचं सारं बालपण, नवऱ्याचा संसार, जन्माला न आलेली लेकरं, सारं सारं तिनं एका अर्ध्या वाक्यावर ओवाळून टाकलं होतं. तिला रडू आलं नाही. आला तो खोकला, आणि तो थांबेना. डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला सारून तिच्या गळ्याखालच्या हाडावरच्या गाठीवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीच्या फोटोत कळलं की अकरा वर्षं तपासणीच न झालेला तो आजार परतला होता, आणि फुफ्फुसांपर्यंत पोचला होता.

बाहेरच्या बाकावर केवळराम तिच्या शेजारी बसला. 

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी मले जवळच ठेवलं असतं," गोकुळा म्हणाली.

तो खाणीतला राकट माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडला.

पुन्हा तेच औषध घ्यायचं होतं, तेही लवकर. आणि त्यानंतर पुन्हा महिनाभर गरवार लेकीपासून लांब राहायचं होतं. गोकुळाला वाटत होतं की थांबावं, नातवंड हातात घ्यावं, मग जे व्हायचं ते होवो. पण तिनं डिंपलकडे पाहिलं. "त्या वेळी मीच ठरवलं, अन् चुकलं," ती म्हणाली. "आता तू ठरव."

डिंपलनं एकच वाक्य उच्चारलं. "औषध घे, माय. मी वाट पाहतो."

पौषात गोकुळानं औषध घेतलं. झोपडीत परतल्यावर महिनाभर डिंपल रोज उन्हं चढली की पाळीवर येई, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरावर पळसाखाली बसे, आणि मायलेकी मोठ्यानं बोलत. अकरा वर्षांत काय काय राहून गेलं ते डिंपल सांगे... पहिला नंबर आला तो दिवस, गोवर निघाला ती रात्र. गोवराच्या त्या तीन रात्री आपण घराच्या मागच्या भिंतीबाहेर बसून होतो, हे गोकुळानं तेव्हा सांगितलं. केवळराम खाणीचं काम सोडून आला होता. तो दोघींच्या मधल्या वाटेवर बसून जाळी सांधे आणि ऐके.

फाल्गुनात डिंपलला मुलगी झाली. रंभाबाईची नजर आता गेल्यातच जमा होती. तिनं चाचपत चाचपत गोकुळाचा हात धरला आणि म्हणाली, "लेकीच्या लेकीले तूच आंग धू. मी लय बोललो तुले." गोकुळानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मग पाटावर बसून पाय लांब केले आणि तेलाचा पहिला हात त्या इवल्या पाठीवर फिरवला, तेव्हा तो तिथंच थबकला, आणि मंगलीनं तो धरून पुढं सरकवला. त्यानंतर मात्र एकेचाळीस दिवस तिनं ते अंघोळीचं काम दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

पण औषध या खेपेला लागू पडलं नव्हतं. बेचाळिसाव्या दिवशी पोरीला पायांवर घेऊन बसलेली असताना तिला ढास लागली, आणि पदरावर रक्त पडलं. तिनं पोरीला हळूच उचलून मंगलीच्या हाती दिलं. डिंपल समोरच उभी होती. गोकुळानं तिला जवळ बोलावलं.

"आता मले जोर नाई पुरत, बाई. हातातून सुटंल लेकरू, म्हणून देऊन राह्यली," ती म्हणाली. "दुसरं काईच कारण नाई."

डिंपल तिच्याजवळ ओल्या जमिनीवरच बसली आणि तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. भादव्यात गोकुळा गेली. तोवर मायलेकी एकाच गोधडीत झोपत होत्या.