झेंडा समुद्राकडे

सोमवारी सकाळी सभागृहात शिबिराची प्रार्थना सुरू झाली आणि दुसऱ्या ओळीपर्यंत निम्म्या मुलांचे हात नाकाकडे गेले. दर्पण तर खुर्चीखालीच वाकला.

"मेलो मी! कुणीतरी खिडकी उघडा."

"एसी चालू आहे, खिडक्या उघडत नाहीत," निमेश म्हणाला. "मर तिथेच."

तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या या इंटरनॅशनल शाळेत दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभराचं शिबिर असे. सकाळी योगासनं, मग रोबोट, मग पोहणं, आणि जेवताना काट्याचमच्याचा सराव, ज्यात निम्मे मटार ताटाबाहेर पळत. ड्रोनचाही वर्ग होता. पण शेजारी अणुवीज केंद्र, त्यामुळे ड्रोन उडवायला बंदी. तो बिचारा संगणकाच्या पडद्यावरच उडे. निमेश बोईसरचा. दर्पण मनोरचा, त्याच्या बाबांचं हायवेवर हॉटेल. आणि उन्नती शाळेच्या कुंपणापलीकडची, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ती "इथलीच" म्हणे आणि विषय बदले.

प्रार्थना संपल्यावर व्यवस्थापक साबळेसर मंचावर आले. शनिवारी परदेशातले पाहुणे येणार होते. त्यांच्या ओळखपत्रांसाठी लाल फिती मागवल्या होत्या आणि त्या सरांच्या कपाटात कुलूपबंद होत्या. मुलांनी आपल्या निळ्या फितींवर समाधान मानायचं होतं. मग सरांनी काचेबाहेर बोट दाखवलं. हा वास म्हणजे त्या सुक्या मासळीचा प्रताप, ते म्हणाले, आणि शुक्रवारी सकाळी माणसं येऊन ते सगळं काढून टाकतील.

काचेपलीकडे वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणल्या होत्या. त्यांवर बोंबील वाळत होते. बोंबील वाळवायची ती वलांडी उन्नतीच्या आईची होती. उन्नतीने मान खाली घातली. तिला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि सरांचा रागही आला.

घरी आईला, हंसाला, बातमी आधीच कळली होती. हंगाम नुकताच सुरू झाला होता. आता वाळवले नाहीत, तर पावसाळ्यात विकायला काय राहणार?

"वास येतो म्हंतात तं आमी बोंबील घरात वाळवू का?" आई म्हणाली. "ऊन काय घरात येतंय?" मग ती रिकामी टोपली उचलून दोऱ्यांकडे निघून गेली, आणि उन्नतीला ते जास्त लागलं.

मंगळवारी सभागृहात पुन्हा तोच वास. सगळी मुलं नाक दाबून किनाऱ्याकडे बघत होती. उन्नती मात्र मैदानातल्या शाळेच्या झेंड्याकडे बघत राहिली. झेंडा समुद्राकडे फडकत होता. बरोबरच होतं, सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यावरच तर बाबांची होडी बाहेर पडते. मग किनाऱ्यावरचा वास उलटा चालत शाळेत येईलच कसा? शिवाय वाळत्या बोंबलांचा वास तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होता. हा तो नव्हताच. हा सडका होता.

तिने हे निमेश आणि दर्पणला सांगितलं. दर्पणचा विश्वास बसेना. पण बुधवारी वीज गेली. जनरेटरवर दिवे लागले, एसी मात्र बंद पडला, आणि थोड्याच वेळात वास ओसरला. वीज आली, एसी घुरघुरला, वास हजर.

"वाससुद्धा विजेवर चालतो वाटतं," दर्पण डोकं खाजवत म्हणाला.

एसीची यंत्रं सभागृहामागच्या उंच सज्ज्यावर होती. तिथल्या जिन्याला कुलूप, आणि किल्ली साबळेसरांकडे. निमेशने जाऊन विचारलं, तर सरांनी नको तिथे नाक न खुपसण्याचा सल्ला दिला. न खुपसताच एवढा वास येतोय, खुपसलं तर काय होईल, असं दर्पण पुटपुटला. सुदैवाने सरांनी ते ऐकलं नाही.

"ड्रोन असता तर पाहता आलं असतं," निमेश हळहळला.

"लांब बांबू चालेल?" उन्नतीने विचारलं. "टोकाला तुझा टॅब बांधू. मी घरून आणते."

"तुझ्या घरी एवढा लांब बांबू कशाला?"

उन्नतीने किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "ती वलांडी आमची आहे."

सोमवारपासून सगळ्यात जास्त नाकं मुरडणाऱ्या दर्पणचे कान लाल झाले.

"आधी सांगायचं ना गं," तो म्हणाला. "मी कसलं कसलं बोललो."

गुरुवारी खेळाच्या तासाला तिघं सभागृहामागे पोचले. उन्नतीने जाळ्याच्या सुतळीने टॅब बांबूला असा आवळला, की निमेशने ओढून पाहिला तरी हलेना. चित्रण सुरू करून त्यांनी बांबू उभा केला. तो डुलत डुलत वर गेला, सज्ज्यावरून फिरला आणि खाली आला, तोच कोपऱ्यावरून साबळेसर आले.

"काय चाललंय इथे?"

उन्नतीने पटकन टॅबवर पोहण्याचा टॉवेल टाकला. "बांबूउडी, सर," निमेशने ठोकून दिलं. "खेळाचा तास आहे ना!"

"मग मैदानावर जा. इथे काचा फुटतील." सर निघून गेले.

झाडामागे तिघांनी चित्रण पाहिलं. गरम हवा फेकणाऱ्या यंत्रासमोर बोंबलांची माळ लटकत होती. शेपट्यांना बांधलेले, काळे पडलेले, माश्या घोंगावत असलेले बोंबील. शेजारीच ताजी हवा आत ओढणारी जाळी. आणि बांधायला काय वापरलं होतं? लाल फिती!

शुक्रवारी सकाळी माणसं वलांडीच्या गाठी सोडू लागली. आई एका बांबूला धरून उभी होती. मुख्याध्यापिका पुष्पलता मॅडम आणि साबळेसर शेजारीच होते. तेवढ्यात तिघं मुलं धावत आली.

"मॅडम, आधी झेंडा बघा," उन्नती धापा टाकत म्हणाली. "वारा शाळेकडून इकडे येतोय. वास इथून तिकडे जाईल कसा? आता हे बघा."

मॅडमनी झेंडा पाहिला, मग टॅब पाहिला, आणि मग बराच वेळ साबळेसरांकडे पाहिलं.

सरांचा चेहरा उतरला. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या आईला बोंबील फार आवडत. किनाऱ्यावरच्यांना वाळू लागलेली असते, म्हणून त्यांनी ताजे घेऊन गेल्या शनिवारी यंत्राच्या गरम हवेत स्वतःच टांगले, आणि शिबिराच्या धांदलीत ते साफ विसरले.

"मला खरंच वाटलं, वास इथूनच येतोय," ते म्हणाले.

आई आधी थक्क झाली, मग खो खो हसत सुटली. मग गाठी सोडणारी माणसंही हसली. मॅडमनी सरांना सज्जा धुवायला पाठवलं, पण त्याआधी सुटलेल्या दोऱ्या पुन्हा बांधायला लावल्या. स्वतः त्यांनी आईची माफी मागितली. तिघांच्या पाठीवर थाप देऊन त्या म्हणाल्या, "शाळेतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी नाक वापरलं, तुम्ही डोकं वापरलंत."

शनिवारी पाहुणे आले. मॅडमनी त्यांना मुद्दाम किनाऱ्यावर नेलं. साबळेसर सर्वांत मागे होते. त्यांच्या हातात उन्नतीच्या आईने त्यांच्या आईसाठी दिलेली बोंबलांची पुडी होती. एका पाहुण्याने विचारलं, हे कुणाचं आहे? मॅडम सांगणार, तोच उन्नती सगळ्या शिबिरासमोर पुढे झाली.

"आमचं," ती म्हणाली. "आणि ही माझी आई."

आईने ओला हात तसाच तिच्या खांद्यावर ठेवला. निळ्या फितीला बोंबलाचा वास लागला. उन्नतीने ती फीत पुढे कितीतरी दिवस धुतली नाही.