खिडकीखालची पेन्सिल

आमच्या गोनेरी भावजींना जिवंतपणी एक घाणेरडी खोड होती. लोकांच्या खिडकीखाली उभं राहून बोलणं ऐकायचे.

मी चोर म्हटलं की म्हणायचे, "चोर नाही वहिनी, कोशकार."

पुढचं ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं. मी सत्तरीची बाई. दारात सहा गायी आहेत, गोष्टी रचायला मला सवड नाही. हे फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या डोंगरात, केरवरेकला, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात घडलं. साल १९५८. सर्व संतांचा दिवस, म्हणजे एक नोव्हेंबर, आणि त्याची रात्र.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. खूप शिकलेले. आमची ब्रेतोन म्हणजे शेणामातीची भाषा, असं फ्रेंच बोलणारे हसत हसत म्हणायचे. ते भावजींच्या जिव्हारी लागलं. विजेला, विमानाला, टेलिफोनला, सगळ्याला आपला शब्द पाहिजे म्हणून बसले. नसेल तिथं स्वतः घडवायचे, गावात हळूच सोडून द्यायचे आणि मग खिडक्यांखाली वाट बघत उभे.

शब्द कुठून आला हे माहीत नसलेल्या माणसाच्या तोंडून तो आपसूक निघाला, तरच त्या शब्दाच्या चिठ्ठीवर बरोबरची खूण. शिकवलेल्या तोंडातून आला, तर सरळ काट, शब्द बाद.

एकदा मी सुनेला टेलिफोनबद्दल काहीतरी म्हणाले, नकळत भावजींचाच शब्द वापरून, तर खिडकीखालून आवाज आला, "झालं, झालं." दुधाचं भांडं हातातून पडलं माझ्या. मी म्हटलं, भावजी, आत येऊन घावन खा, बाहेर भिजून मराल एक दिवस.

तसेच मेले. फेब्रुवारीत, छातीत कफ दाटून.

ऑक्टोबर लागला. मी बटाटे सोलत होते आणि लोणी खारट केलंस म्हणून मेवोनला, म्हणजे सुनेला, झापत होते. आपल्या भाषेतच.

आणि बाहेर...

खर्र. खर्र.

कागदावर पेन्सिल चालावी तसं.

चुलीपाशी कुत्रं झोपलं होतं. त्यानं मान वर करून खिडकीकडे पाहिलं. शेपटी हलवली. पुन्हा झोपलं.

मी बाहेर गेले. कुणी नव्हतं. पाऊस धो धो पडत होता, अंगणभर चिखल. पण खिडकीखाली एका माणसाएवढी जागा...

कोरडी होती.

मग रोजचंच झालं. ब्रेतोन बोललं की खर्र. गप्प बसलं की शांत. माझा मुलगा ग्लाओदा एकदा मुद्दाम फ्रेंचमधून गायीबद्दल बोलला. काहीच नाही. पुन्हा आपल्या भाषेत बोलला...

खर्र.

मेवोनला काय, आयतंच निमित्त. ती शहरातली. चुलीपाशी फ्रेंच सुरू केलं. मी बोलले तर म्हणाली, "सासूबाई, तुमच्या दिरांना सांगा ना, मला कशाला?" शेजारणी यायच्या बंद झाल्या. मी माझ्याच घरात खुणा करून मीठ मागू लागले.

ग्लाओदाला भावजींच्या खोलीत बिस्किटांचा डबा सापडला. आत शिल्लक राहिलेल्या एकशे बारा चिठ्ठ्या. एकीवरही खूण नाही, काटही नाही. म्हणजे हे शब्द कुणाच्याच तोंडून आले नव्हते. पाद्री म्हणाले, तेवढ्यासाठी जीव अडकला असेल, ते शब्द तोंडानं म्हणून टाका एकदाचे.

सर्व संतांच्या रात्री आम्ही मेलेल्यांसाठी जेवण मांडून ठेवतो. कुट्टूचे घावन, दही, सफरचंदाची दारू. चूल विझवत नाही. त्या रात्री ताटाशेजारी डबा ठेवला. झोपण्याआधी ग्लाओदानं एकेक चिठ्ठी वाचली आणि आम्ही सगळे मागून म्हणत गेलो, प्रार्थना म्हणतात तसं. काही शब्द तोंडात भुसा भरल्यासारखे. काही मात्र चांगले होते, खोटं कशाला बोलू.

एकशे बारा शब्द संपले. बाहेर एकदाही खर्र नाही.

मला वाटलं, भावजी सुटले.

सकाळी उठले. घावनांना हात लागलेला नव्हता. दारू भरलेलीच. चिठ्ठ्या मात्र डब्याबाहेर... टेबलावर ओळीनं मांडलेल्या.

प्रत्येकीवर काट.

बोट फिरवलं, तर शिसं बोटाला लागलं. ताजं.

शिकवलेली तोंडं होती ना आमची. तीस वर्षं मी त्यांचा हा नियम ऐकत आले, आणि ऐन वेळेला विसरले. आता ते शब्द कायमचे गेले आणि भावजी काही गेले नाहीत.

तेवढ्यात नाइग आली. माझी नात, पाच वर्षांची. माझ्या मांडीवर बसून बोलायला शिकलेली. तिनं चिठ्ठ्या पाहिल्या. खिडकीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात दूध मागितलं.

फ्रेंचमध्ये.

मी आपल्या भाषेत विचारलं, काय पाहिजे माझ्या बाळाला?

खिडकीखाली... खर्र.

पोरीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

तो हात बाजूला करताना मला जे झालं ते मला नवरा गेला तेव्हाही झालं नव्हतं. मी जाऊन खिडकी सताड उघडली. बाहेर धुकं. माणूस नाही, सावली नाही. त्या धुक्याला मी सांगितलं, की ही भाषा बोलले म्हणून शाळेत मास्तरांनी माझ्या गळ्यात लाकडी बूट बांधला होता. दोन हिवाळे. तरी मी बोलायची थांबले नाही, म्हणून शाळाच सुटली.

मी बोलत होते तेवढा वेळ पेन्सिल चालू होती. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

ते ऐकत होते की नुसतेच शब्द टिपत होते, ते मला आजही कळत नाही. रात्री त्याच विचारानं जाग येते.

मग शेवटचं वाक्य मी सावकाश बोलले, लिहून घेता यावं म्हणून.

"भावजी, मास्तरांना जे जमलं नाही ते तुम्ही एका महिन्यात केलंत, माझी नात माझ्याशी परक्यांच्या भाषेत बोलायला लागली; हे लिहा, आणि त्याच्याखाली माझं नाव घाला."